सोळाचा आकडा

पहिली काच फुटली तेव्हा मी उताणी पडले होते आणि मला कूस बदलता येत नव्हती. पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं, श्वास गळ्याशीच अडकायचा. सिस्टर सलाईन लावत होती, तिच्या हातातून सुई खाली पडली. बाहेरून आवाज आला, आणि तो मी झोपेतही ओळखला असता.

"कुठं हाय ती बाई? बाहेर काढा तिला! माज्या बायकूचा मुडदा पाडला हिनं!"

मी जिवंत होते. पण आमच्या मालकांना असल्या बारीकसारीक गोष्टींनी कधी अडवलेलं नाही.

बार्शीच्या काटमोऱ्यांचा, म्हणजे माझ्या सासरचा, खडीचा क्रशर होता. डोंगर फोडून खायची सवय असलेलं घर, त्यामुळे बोलणंही तसंच. सासरे गेल्यावर आत्याबाईंचं राज्य आलं. आत्याबाई म्हणजे माझी सासू. तिच्या हाताखाली दोन माणसं, मुलगा दिगंबर आणि मुलगी वैजयंता. दिगंबर माझा नवरा. वैजयंता त्याची थोरली बहीण, माझी नणंद, वय तेव्हा अडतीस, बिनलग्नाची. स्थळं आली नव्हती असं नाही. पण आमच्या घरात देवीचे घट बसतात आणि ते सोवळ्यानं करायला माणूस लागतं. आत्याबाईंचे गुडघे गेल्यावर ते माणूस म्हणजे वन्सं. आलेल्या स्थळात काही ना काही खोट निघायची. शेवटी स्थळंच शहाणी झाली आणि यायची थांबली.

माझ्या लग्नाला तेव्हा सहा वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. नवऱ्याची तपासणी ठीक निघाली. तो कागद बैठकीत फ्रेम करून लावायचा तेवढा त्यांनी बाकी ठेवला. दोष सुनेत, हे ठरलंच होतं. तो किती, एवढंच मोजायला सोलापूरला डॉक्टर चिंचोळकर मॅडमकडे न्यायचं होतं. साठीच्या आतबाहेरची बाई, बारीक अंगाची, बोलायला फटकळ. पहिल्याच भेटीत त्यांनी आत्याबाईंना सांगितलं, "पाळी आली की दुसऱ्या दिवशी रक्त द्यायचं. तिसरा चालेल, पण चौथा नको. बार्शीच्या कुठल्याही लॅबमध्ये द्या, रिपोर्ट मला पाठवा."

आता माझी पाळी म्हणजे दुष्काळातला पाऊस, तीन-तीन महिने पत्ता नसायचा. आणि आली ती नेमकी नवरात्रात, तिसऱ्या माळेला.

आमच्याकडे अडचण आलेली बाई मागच्या खोलीत बसते. त्या खोलीतून बाहेर पडायची वाट बैठकीतून, आणि बैठकीत घट मांडलेले. त्यांच्यावर माझी सावलीसुद्धा चालली नसती. मी दारातूनच म्हटलं, "आत्याबाई, उद्या रक्त द्यायला जायचंय."

"घटावरनं कशी जाशील?"

"मग पुन्हा तीन महिने थांबायचं का?"

"तुला कुणी थांब म्हनलंय? तू गप पड. मी बघते."

दुसऱ्या दिवशी कुणी मला हाक मारली नाही. दुपारी वन्सं ताट सरकवायला आल्या, तेव्हा त्यांच्या कोपरात कापसाचा बोळा दिसला, वर चिकटपट्टी.

"हे काय हो, वन्सं?"

"हिमोग्लोबिन," त्या म्हणाल्या आणि पदर हातावर ओढून गेल्या.

उपासानं चक्कर आली असेल असं मला वाटलं. नऊ दिवस पाण्यावर राहायच्या त्या.

दसऱ्यानंतर आम्ही सोलापूरला गेलो. मॅडमनी माझ्या दंडाला पट्टा बांधून रक्त घेतलं. "ही तपासणी नवी आहे. हिला कुठलाही दिवस चालतो," त्या म्हणाल्या. म्हणजे दुसऱ्या दिवसाची भानगड मिटली, असं मी माझ्यापुरतं समजले आणि देवीला मनातून हात जोडले.

आठवड्यानं पुन्हा बोलावणं आलं. टेबलावर दोन कागद समोरासमोर ठेवून मॅडम बसल्या होत्या, दोन भांडखोर जावांना समोर बसवल्यासारख्या. दोन्हींवर माझं नाव. माझ्या मते रक्त मी एकदाच दिलेलं, त्यातूनच दोन्ही कागद निघाले असतील. आम्हाला त्यातलं काय कळणार?

"हे बघा," मॅडम म्हणाल्या. "मेंदू अंडाशयाला हाक मारतो, अंडी तयार कर म्हणून. साठा भरपूर असला की हळू हाक पुरते. साठा संपत आला की ओरडावं लागतं. हा पहिला कागद म्हणजे ती हाक. एफएसएच. सहा-सात असायला हवा, इथं सोळा आहे. मेंदू ओरडतोय."

"म्हंजे?" नवरा म्हणाला.

"म्हणजे अंडी संपत आलीत. पण हा दुसरा कागद, एएमएच, हा अंडाशयातूनच येतो, आत किती आहेत ते सांगतो. हा म्हणतोय, भरपूर आहेत. गरजेपेक्षा जास्त. आता एकाच बाईच्या अंगात दोन्ही खरं कसं असेल?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सारिका, तू जरा बाहेर जाऊन वजन करून ये."

मी वजन करायला गेले. आत पुढं काय झालं ते मला फार उशिरा कळलं. वजन करून आले तोवर ठरलं होतं. दोन्ही तपासण्या पुन्हा करू असं मॅडम म्हणाल्या होत्या, आत्याबाईंनी ते उडवून लावलं होतं, पुन्हा तीन महिने कोण थांबणार म्हणून. नव्या तपासणीचं रक्त तेव्हा मुंबईला जायचं आणि वाटेत गरम झालं तर आकडा बिघडायचा. जुन्या तपासणीवर मॅडमनी उभी हयात काढलेली. त्यांनी जुनीवर भरवसा ठेवला. साठा कमी, म्हणून अंडी वाढवायच्या इंजेक्शनांचा डोस मोठा.

घरी आल्यावर नवऱ्यानं पायातला बूट काढला, मला वाटलं ठेवतोय. तो माझ्या कानशिलावर बसला.

"सव्वीस वर्साची आन रिकामी? तुज्या बापानं रिकामं मडकं दिलं व्हय आमाला?"

मी भिंतीला टेकले. दुसरा फटका पट्ट्याचा, बक्कल पाठीत रुतलं. मी ओरडले नाही, ओरडलं की त्याला चेव यायचा. आत्याबाई सोप्यावर बसून वाती वळत होत्या. एका फटक्याला त्या म्हणाल्या, "तोंडावर नगं मारू. परवा सोलापूरला जायाचंय." एवढीच काय ती माया.

"सोळा!" तो पट्ट्याच्या तालावर म्हणत होता. "सोळा! वांझोटं रगात! नासकं रगात!"

स्वयंपाकघराच्या दारात वन्सं उभ्या होत्या. त्यांच्या हातातली परात खाली पडली आणि पिठात त्या तशाच उभ्या राहिल्या. मला सोडवायला त्या कधी मध्ये पडत नसत, पडल्या तर त्यांनाही मिळायचा. पण त्या दिवशी त्यांचा चेहरा मी पाहिला. मार मला बसत होता आणि डोळे मिटत होत्या त्या, प्रत्येक शिवीला.

रात्री त्यांनी माझ्या पाठीला हळद लावली. मी कोरडी होते आणि त्या हमसून हमसून रडत होत्या. शेवटी मीच म्हटलं, "वन्सं, पुरे. माझंच नशीब फुटकं, तुम्ही कशाला रडता?" त्यावर त्या जास्तच रडल्या.

पुढं इंजेक्शनं सुरू झाली. रोज सोलापूर कोण करणार, म्हणून मॅडमनी वन्संना सुई टोचायला शिकवलं. माझ्या पोटाची चिमूट धरून त्या सुई घालायच्या. एकदा म्हणाल्या, "सारिका, एवढं औषध लागतंच का गं तुला?"

"डॉक्टरांनी सांगितलंय ना."

"व्हय. डॉक्टरनी सांगितलंय," असं म्हणून त्यांनी सुई घातली.

मधल्या सोनोग्राफीला मॅडमचा चेहरा बदलला. पडद्यावर काळे गोळे गच्च भरले होते, डाळिंब फोडल्यावर दिसतात तसे. "एवढे?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. डोस तिथंच तोडला. अंडी काढली ती तीसच्या वर निघाली. "बाहेर वाढवलेला गर्भ आत्ता पोटात सोडायचा नाही. हिला जपा. पोट फुगलं, धाप लागली, लघवी कमी झाली, तर एक मिनिट थांबू नका," त्यांनी दोनदा बजावलं.

दोन दिवसांत पोट एवढं आलं की शेजारीण कितवा महिना म्हणून विचारायला लागली. आत्याबाई म्हणाल्या, वारा धरलाय, ओवा द्या. तिसऱ्या दिवशी मला ओवाही गिळता येईना. तेव्हा वन्संनी कुणाला न विचारता शेजारच्या पोराची जीप बोलावली आणि मला सोलापूरला आणून टाकलं. मागोमाग आत्याबाई दुसऱ्या गाडीनं आल्या, तोंडाचा पट्टा चालू ठेवून.

मॅडमनी पोटावर हात ठेवला आणि सिस्टरला म्हणाल्या, "पाणी साठलंय, छातीपर्यंत. आधी दोन बाटल्या सलाईन चढवायचं, मग लगेच काढायचं. तयारी कर." बाहेर जाऊन त्यांनी आत्याबाईंना खरं ते सांगितलं, डोस हिला जास्त झालाय. आत्याबाईंनी ते फोनवर मुलाला सांगितलं. मुलानं क्रशरवरची माणसं टेम्पोत भरली.

आणि आता ती माणसं दवाखान्यात होती.

वॉचमनला त्यांनी दारातच आडवा केला. माझ्या खोलीचं दार उघडं होतं, मला सगळं दिसत होतं. समोरच्या भिंतीवर मॅडमनी आजवर जन्माला घातलेल्या लेकरांचे फोटो होते, काचेच्या फ्रेममध्ये, हसरी, बोळकी. नवऱ्यानं पहारीनं एका दमात सगळी भिंत ओरबाडली. पोटुश्या बाया किंचाळत जिन्यावर पळाल्या. एकजण कॉम्प्युटर उचलून आपटत होता, दुसऱ्यानं सिस्टरचे केस धरून तिला भिंतीवर आदळलं. ती खाली बसली आणि तिच्या नाकातून रक्त पांढऱ्या कपड्यावर उतरलं.

मॅडम पळाल्या नाहीत. हातमोजे घातलेले हात वर धरून त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या.

"दिगंबर, नंतर काय करायचं ते कर. आधी मला हिचं पाणी काढू दे. तासाभरात काढलं नाही तर ही जाईल."

"तूच घालवलीस तिला! रिकाम्या बाईला बैलाचा डोस दिलास!"

"रिकामी आहे असा कागद तुम्ही आणलात, म्हणून दिला."

त्यानं त्यांच्या तोंडात मारली. एवढीशी बाई, दाराच्या कडेवर आपटली आणि कपाळ फुटलं. रक्त डोळ्यात आलं तरी हात वरच, हातमोजे खराब होऊ नयेत म्हणून. मी ओरडायला गेले, पण श्वासच नव्हता. तोंडातून नुसती हवा आली. तेव्हा मला कळलं की ही बाई मेली तर मीही मेले. नवरा मला वाचवायला आला होता आणि तोच मला मारणार होता.

"तुझ्या आईला विचार!" मॅडम भिंतीला धरून म्हणाल्या. "दोन कागद जुळेनात म्हणून मी विचारलं होतं. हे रक्त दुसऱ्याच दिवशीचं ना? हिचंच ना? तीनदा विचारलं. तू तिथंच बसला होतास. काय म्हणाल्या त्या?"

आत्याबाई जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या होत्या. "व्हय म्हनले. माज्या डोळ्यांदेखत दिलं. खोटं बोलते का मी? हान रे दिगू, आपल्यावरच उलटतीय!"

त्यानं पहार उचलली. पहार म्हणजे डोंगराला लावायचं हत्यार, बाईच्या डोक्याला नव्हे.

वन्संनी आयुष्यात कधी आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता. तेव्हाही चढवला नाही. त्या फक्त मध्ये आल्या आणि डावा हात वर केला. वाळलेलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. हात कोपराच्या खाली भलत्याच दिशेला लोंबायला लागला. वन्सं पडल्या नाहीत.

"आक्का! बाजूला हो!"

"मार," वन्सं म्हणाल्या. "पर मलाच मार. त्ये रगात माजं हुतं."

क्रशरवरची माणसंसुद्धा थांबली.

"काय बोलतीयास?"

"घट बसलेले. सारिका अडचणीची. आई म्हनली, एका घरातलं रगात, कुनाचं बी चालतंय, आन तुजी बी पाळी आलीया, मंग काय बिघडलं? लॅबवाल्याला नाव सांगितलं सारिकाचं आन हात फुडं केला माजा."

"पाळी आलेली असून तू घट... तू बी शिवायचं नव्हतं मंग!" नवरा भलतंच म्हणाला. माणसाला एवढं मोठं काही पेलत नाही तेव्हा तो बारीक धरून बसतो.

"मी न्हाईच सांगितलं घरात. आईला ठावं हुतं. घट कुनी केलं असतं? मला बसवलं असतं तर?"

आत्याबाई पुढं झाल्या आणि त्यांनी त्या मोडक्या हाताच्या लेकीच्या थोबाडीत मारली. "सटवे! घराची अब्रू इथं सांडायला आनली व्हय गं तुला?"

वन्संनी चांगल्या हातानं गाल पुसल्यासारखं केलं आणि भावाकडं वळल्या. "पट्ट्यानं तू तिला मारत हुतास. सोळा, सोळा म्हनत. नासकं रगात म्हनत. ते समदं मला हुतं, दिगू. तिनं माजा मार खाल्ला, आन मी दारात हुबी ऱ्हायले."

त्याच्या हातातून पहार खाली गेली. पश्चात्तापानं नव्हे, त्याच्याबद्दल माझा एवढा चांगला समज कधीच नव्हता. कुणाला मारायचं तेच त्याला कळेना झालं. तेवढ्यात खाली पोलिसांची गाडी थांबली आणि त्याची माणसं मागच्या जिन्यानं पांगली. पोलिसांनी त्याला खाली नेलं आणि आत्याबाई त्याच्यामागं गेल्या.

मॅडमनी नवे हातमोजे मागितले. कपाळावर कापसाचा बोळा दाबून चिकटवला, आणि माझ्या पोटात सुई घातली. पाणी नळीतून बाटलीत उतरायला लागलं, पिवळं, संथ. एक बाटली भरली, दुसरी भरली. तिसऱ्या बाटलीच्या वेळी मला पोटभर श्वास घेता आला आणि मी रडले. मॅडमच्या हनुवटीवरून रक्ताचे थेंब माझ्या चादरीवर पडत होते, पण त्यांचा हात हलला नाही.

वन्सं शेजारच्या खुर्चीत बसल्या होत्या. मोडका हात फळीला बांधलेला. हाडाच्या डॉक्टरकडे न्यायला माणूस आला तर त्याला त्यांनी थांबवलं.

"मॅडम, त्यो कागद द्या माजा."

"कुठला?"

"सोळाचा."

मॅडमनी फाईल मागवली. पहिल्या कागदावरचं माझं नाव त्यांनी एका रेघेनं खोडलं. "दोन्ही कागद खरे होते," त्या हळू म्हणाल्या. "मी उगीच त्यांना भांडायला लावलं. पूर्ण नाव सांगा."

"वैजयंता ज्ञानोबा काटमोरे."

"वय?"

"अडतीस."

मॅडमचं पेन थांबलं. अडतीस आणि सोळा, हे त्यांनी आता कुठं एकत्र पाहिलं. इतका वेळ आम्ही सगळे त्या आकड्यावरून एकमेकांची डोकी फोडत होतो. तो कुणाचा नाही हे ठरलं होतं. तो कुणाचा आहे, हे कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

"वैजयंताबाई," मॅडम म्हणाल्या, "एका आकड्यावरून असं काही ठरत नाही. आपण तुमचं पुन्हा तपासू. तुमचीही दुसरी तपासणी करू."

"कशाला?" वन्सं म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "तुमी त्या दिवशी म्हनला व्हतासा न्हाई, आतनं हाका मारत्यात म्हनून? सारिकानं घरी येऊन सांगितलं मला. संपत आलं की वरडत्यात."

"हो."

"म्हंजे माजं वरडत हुतं. इतकी वर्सं." त्यांनी चांगल्या हातानं कागद उचलला, उलटासुलटा पाहिला. त्यांना वाचता यायचं, पण आकड्यापुढं त्या गेल्या नाहीत. "आन मला ऐकूच आलं न्हाई. दुसऱ्यांच्याच हाकंला व्हय म्हनत ऱ्हायले मी."

या गोष्टीला आता सतरा वर्षं झाली. मी बार्शीला परत गेले नाही आणि वन्संही नाही. सोलापुरात दोन खोल्यांत आम्ही राहतो. मी शिवणाचा क्लास चालवते आणि त्या घर सांभाळतात, उलट म्हटलं तरी चालेल. नवरात्रात आम्ही घट बसवत नाही. त्यांचा डावा हात थंडीत दुखतो, तेव्हा मी तेल लावते.

त्या दिवशी दवाखान्यात मात्र मी बिछान्यात पडल्या पडल्या एवढंच केलं. त्यांच्या चांगल्या हाताकडं माझा हात नेला. वन्संनी कागदाची घडी घालून ती कमरेला खोचली आणि मग माझा हात धरला. हाडाच्या डॉक्टरकडे न्यायला माणूस पुन्हा आला तरी सोडला नाही.